सहा खणांचं चक्र आणि 'सहात एक'चा घोळ

फोनवर खरेदीचं अॅप उघडलं की कधी कधी एक रंगीबेरंगी चक्र समोर येतं. 'फिरवा आणि जिंका!' त्यात सहा खण. पाच खणांत दहा टक्के सूट, फुकट घरपोच, 'पुन्हा प्रयत्न करा' असलं काहीबाही आणि एका झगझगीत सोनेरी खणात नवा मोबाइल. माणूस मनातल्या मनात हिशोब करतो: सहातला एक खण, म्हणजे सहात एक. काय वाईट आहे! मग चक्र फिरतं, सोनेरी खणाला चाटून पुढे सरकतं आणि दहा टक्क्यांवर थांबतं. थोडक्यात हुकलं, असं वाटून माणूस उद्या परत येतो.

यातला हिशोब कुठे बरोबर आहे आणि कुठे गंडला आहे, हे कळायला शाळेतला संभाव्यतेचा धडा पुरेसा आहे. त्या धड्यात फासे, नाणी, पत्ते असतात आणि त्यांच्या जोडीला बाण फिरवायची चकतीही असते. मला त्यात चकती सगळ्यात जास्त आवडते. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच, फाशाच्या सहाही बाजू सारख्याच, हे आपण न विचारता धरून चालतो. चकतीत मात्र कुठला भाग केवढा, ते डोळ्यांना दिसतं आणि विचारावंच लागतं.

## आठ भाग, चार रंग

पुठ्ठ्याची गोल चकती कापा. मध्यातून रेघा ओढून तिचे आठ सारखे भाग करा. तीन लाल, दोन निळे, दोन पिवळे, एक हिरवा असे रंगवा. मध्यावर पेपर क्लिप ठेवा, क्लिपच्या वळणात पेन्सिलीचं टोक उभं रोवा आणि नखाने क्लिपला टिचकी मारा. ती गरगर फिरून थांबेल. तिचं लांबचं टोक ज्या भागावर, तो रंग आला.

आता पुस्तकी शब्द, एकदाच. चकती फिरवल्यावर जे जे येऊ शकतं, त्या प्रत्येकाला निष्पत्ती म्हणतात. इथे भाग आठ, म्हणून निष्पत्ती आठ. त्यांतल्या ज्यांच्याकडे आपलं लक्ष आहे त्यांचा गट म्हणजे घटना. 'लाल येणे' ही घटना, आणि तिच्यात तीन निष्पत्ती. घटनेतल्या निष्पत्तींना एकूण निष्पत्तींनी भागलं की संभाव्यता मिळते. लालची ३/८, म्हणजे साडेसदतीस टक्के. निळ्याची २/८, पिवळ्याचीही तेवढीच, हिरव्याची १/८. पुढे मी याला साधं 'शक्यता' म्हणणार आहे.

चारही रंगांची बेरीज करून पाहा: ३ + २ + २ + १ म्हणजे आठ, भागिले आठ, म्हणजे एक. काही ना काही येणारच, म्हणून बेरीज एकच यायला हवी. न आल्यास कुठेतरी मोजायला चुकलं. जांभळा रंग चकतीवर नाहीच, त्याची शक्यता शून्य. शक्यता शून्याच्या खाली आणि एकाच्या वर जात नाही, त्यामुळे 'एकशे दहा टक्के खात्री'वाल्या पुढाऱ्यांना हा धडा लागू नाही.

'लाल न येणे' याची शक्यता काढायची तर बाकीचे रंग मोजत बसायला नको. एकातून ३/८ वजा करा, ५/८ उरले. ही वजाबाकी लक्षात ठेवा, पुढे सगळी कामं तीच करणार आहे.

## रंग चार आहेत, मग प्रत्येकाला पाव का नाही?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो मुळीच बावळट नाही. रंग चार, येणार त्यांतला एकच, मग लालला चारात एक का म्हणायचं नाही?

हाच घोळ एका फार मोठ्या माणसाने घातला आहे. ज्याँ द'अलांबेर हा अठराव्या शतकातला नावाजलेला फ्रेंच गणिती. दिदरोच्या साथीने निघालेल्या फ्रेंच विश्वकोशात १७५४ साली त्याने नाणेफेकीवर लिहिलं. प्रश्न असा: दोन वेळा नाणं उडवलं, तर निदान एकदा छापा यायची शक्यता किती? त्याने मांडणी केली ती अशी. पहिल्याच खेपेला छापा आला तर काम झालं, दुसऱ्यांदा उडवायची गरजच नाही. नाहीतर आधी काटा मग छापा. किंवा दोन्हीदा काटा. प्रकार तीन, त्यांतले दोन आपल्या बाजूचे, म्हणून उत्तर २/३.

खरं उत्तर ३/४ आहे. त्याचे तीन प्रकार मोजायला ठीक होते, पण ते एका वजनाचे नव्हते. 'पहिल्या खेपेला छापा' हा एकटा प्रकार अर्ध्याचा मालक, उरलेले दोन पाव-पावाचे. तिघांना सारखं धरलं की गणित बिघडलं.

म्हणून भागाकाराच्या आधी एक अट आहे: सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या हव्यात. माझ्या मते अख्ख्या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच, आणि पाठांतरात सगळ्यात आधी गळतो तोही हाच. आपल्या चकतीत आठ भाग सारखे आहेत, चार रंग सारखे नाहीत. म्हणून भाग मोजायचे. 'लॉटरी लागेल किंवा लागणार नाही, दोनच तर गोष्टी, म्हणजे अर्धी-अर्धी शक्यता' हे ऐकायला हुशारीचं वाटतं, पण ते याच खड्ड्यात पडलेलं आहे.

## भाग लहानमोठे असतील तर?

मग मोजणी सोडून कोनमापक हातात घ्यायचं. समजा लाल भागाचा कोन १५० अंश, निळ्याचा १२०, पिवळ्याचा ६०, हिरव्याचा ३०. एकूण ३६०. लालची शक्यता १५०/३६०, म्हणजे ५/१२. निळा १/३, पिवळा १/६, हिरवा १/१२.

चकती मोठी की लहान याने काही फरक पडत नाही. भाकरी परातीएवढी असो की तळहाताएवढी, तिचा चतकोर तो चतकोरच.

हाताने चकती करणाऱ्यांची गंमत वेगळीच असते. भाग अगदी काटेकोर आखलेले असतात, पण पेन्सिल रोवताना ती मध्यापासून दोन-तीन मिलिमीटर सरकते. बाण आता नव्या जागेवरून फिरतो आणि त्या जागेवरून पाहिलं तर आठ कोन सारखे राहिलेले नसतात. कागदावर ४५ अंश असले तरी बाणाला कुठे ५०, कुठे ४० दिसतात. बाक एका बाजूला कलता असेल तर क्लिप उताराकडे थांबायला बघते. आणि क्लिप नेमकी रेघेवर थांबली तर वाद घालू नये, पुन्हा फिरवावी. रेघेला जाडीच नाही असं धरलं तर तिच्यावर थांबायची शक्यता शून्य येते. खऱ्या रेघेला स्केचपेनची जाडी असते, म्हणून हा तंटा होतो.

## टिचकी तीच मारली तर निकाल ठरलेलाच नाही का?

विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा हा आक्षेप. टिचकीचा जोर, घर्षण, सुरुवातीची जागा हे सगळं माहीत असेल तर क्लिप कुठे थांबणार ते सांगता येईल. मग यात 'योगायोग' कुठून आला?

आक्षेप बरोबर आहे. क्लिप न्यूटनचे नियम मोडत नाही. पण तुमच्या नखाला जोर तेवढा नेमका सांभाळता येत नाही. क्लिप सात-आठ फेऱ्या घेत असेल, तर टिचकीत अगदी थोडा फरक पडला तरी ती एखाददुसरा भाग पुढेमागे थांबते. आँरी प्वांकारे या फ्रेंच गणितीने रूलेटच्या, म्हणजे कॅसिनोत लाल-काळ्या खाचांत गोळी पडायची वाट बघायला लावणाऱ्या चक्राबद्दल हेच दाखवलं होतं: चक्र पुरेसं फिरलं आणि रंग बारीक अंतराने आलटूनपालटून असले, की ढकलणाऱ्या हाताच्या सवयी पुसल्या जातात आणि शक्यता रंगांच्या वाट्याएवढीच उरते.

याची दुसरी बाजूही खरी. क्लिप अर्धीच फेरी घेत असेल तर तो खेळ नेमबाजीचा झाला. तीन लाल भाग शेजारी-शेजारी असले तर सराईत बोट त्यांवर नेम धरू शकतं. म्हणून मुलांच्या खेळात 'निदान दोन फेऱ्या पूर्ण झाल्या पाहिजेत' असा नियम करावा. लाल भाग एकत्र असोत की विखुरलेले, भरपूर फिरवलं तर शक्यता ३/८ राहते.

रूलेटच्या टेबलावर हेच उलटवून पाहणारे दोघे अमेरिकन होते, एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन. चक्राचा आणि गोळीचा वेग मोजून गोळी साधारण कुठे पडेल ते सांगणारा, अंगावर बाळगायचा छोटा संगणक त्यांनी बनवला आणि १९६१ साली लास व्हेगासला नेऊन वापरून पाहिला. वेग टिपायची बटणं बुटात होती, पायाच्या अंगठ्याने दाबायची. यंत्र चालत होतं. वायरी मात्र सारख्या तुटत होत्या.

## तीनदा लाल आलं नाही, आता तर येणारच!

नाही. चकतीला आठवण नसते. तीनदा लाल न आल्यावर चौथ्या खेपेलाही लालची शक्यता ३/८.

तीनदा लाल न येणं हे काही आक्रीतही नाही. एकदा न यायची शक्यता ५/८. एका फिरवण्याचा दुसऱ्याशी संबंध नसेल तर शक्यतांचा गुणाकार करायचा: ५/८ × ५/८ × ५/८ म्हणजे १२५/५१२, जवळजवळ चोवीस टक्के. दर चार जणांमागे साधारण एकाच्या वाट्याला हे येणार आणि तो आपल्या नशिबाला बोल लावणार.

'आठात एक' या शब्दांनीही अशीच फसगत होते. हिरव्याची शक्यता आठात एक, म्हणजे आठ वेळा फिरवलं की एकदा तरी हिरवा येणार असं वाटतं. वजाबाकी करून बघू. एकदा हिरवा न यायची शक्यता ७/८. आठही वेळा न यायची शक्यता म्हणजे ७/८ आठ वेळा स्वतःशी गुणायचा. उत्तर ०.३४. तीन जणांत एकाला आठ खेपांत हिरवा दिसणारच नाही!

या गैरसमजाची सगळ्यात प्रसिद्ध रात्र मोंटे कार्लोच्या कॅसिनोतली, १८ ऑगस्ट १९१३ची. रूलेटवर काळा रंग ओळीने २६ वेळा आला. पंधराएक वेळा काळा आल्यावर लोक लालवर तुटून पडले, कारण 'आता लाल यायलाच हवा'. प्रत्येक खेपेला पैज दुप्पट करत गेले आणि खंक झाले. ओळीने २६ काळे यायची शक्यता सुमारे पावणेचौदा कोटींत एक आहे. पण २५ काळे येऊन गेल्यावर सव्विसावा काळा यायची शक्यता नेहमीएवढीच, निम्म्याहून जरा कमी. लोकांनी पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी लावला.

## मग '३/८' हे तपासायचं कसं?

फिरवून. पण थोड्या वेळा फिरवून नाही. आपली चकती आठ वेळा फिरवली तर नेमके तीन लाल यायची शक्यता फक्त २८ टक्के आहे. म्हणजे बहुतेक वेळा दोन, चार, एक, पाच असंच काहीतरी येणार, आणि त्यावरून चकती वाईट ठरत नाही.

ऐंशी वेळा फिरवली तर तीस लाल अपेक्षित. साधारणपणे आकडा २६ ते ३४च्या आत पडेल. २१च्या खाली किंवा ३९च्या वर गेला, तर पेन्सिल मध्यावर आहे का ते बघायला हरकत नाही. आठशे वेळा फिरवली तर तीनशे अपेक्षित, आणि चौदाएक इकडेतिकडे. यात एक बारकी गोष्ट आहे. चार लालांची चूक चौदा लालांवर गेली, म्हणजे आकड्यातला फरक वाढला. पण टक्केवारीत तोच फरक पाचांवरून पावणेदोनांच्या आसपास उतरला. 'दीर्घकाळात सगळं समान होतं' असं म्हणतात तेव्हा फक्त टक्केवारी जुळत जाते. मागची तूट कोणी भरून देत नाही.

जॉन केरिक या गणितज्ञाने हे चिकाटीने करून पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात तो डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकला होता. वेळच वेळ होता. त्याने नाणं १०,००० वेळा उडवलं, छापा ५,०६७ वेळा आला.

## पैसे लावले की गणित कुठे बदलतं?

शक्यतेचं गणित बदलत नाही, हिशोबाला एक ओळ वाढते. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींवर रूलेट चालतं. ही चकतीच, फक्त बाणाऐवजी गोळी. एक शून्य असलेल्या चक्रावर ३७ खाचा असतात: १८ लाल, १८ काळ्या आणि शून्याची एक हिरवी. लालवर शंभर रुपये लावले आणि लाल आला, तर शंभर परत आणि वर शंभर मिळतात.

व्यवहार सरळ दिसतो, अर्धा-अर्धा. पण लालची शक्यता १८/३७, म्हणजे ४८.६ टक्के. ३७ वेळा शंभर-शंभर लावले आणि प्रत्येक खाच एकेकदा आली असं धरा. १८ वेळा शंभर मिळाले, १९ वेळा शंभर गेले. ३,७०० रुपये फिरवून शंभर गमावले, सुमारे २.७ टक्के. एकाच आकड्यावर लावलं तर एकास पस्तीस मिळतात, पण तिथेही सरासरी तोटा नेमका तेवढाच. कॅसिनोची सगळी कमाई त्या हिरव्या खाचेत आहे. दोन शून्यं असलेल्या चक्रावर खाचा ३८ होतात आणि तोटा ५.२६ टक्क्यांवर जातो. चक्र बघताना आधी हिरव्या खाचा मोजाव्यात.

यात लबाडी कुठेही नाही, हे मुद्दाम सांगतो. खाचा सारख्या आहेत, गोळी खरी आहे, सगळं डोळ्यांसमोर आहे. फक्त देणं शक्यतेपेक्षा किंचित कमी ठेवलं आहे.

## आता फोनवरचं चक्र

इथे आतापर्यंतचं सगळं सैल पडतं. पडद्यावर फिरणाऱ्या चक्राला ना वजन, ना घर्षण. निकाल प्रोग्राम काढतो आणि चक्र त्या निकालावर नेऊन थांबवलं जातं. खणांचे कोन सारखे काढले म्हणून शक्यताही सारख्या ठेवल्या असतील, असं बंधन त्या चित्रावर नाही.

ही युक्ती मोबाइलहून जुनी आहे. जुगाराच्या यंत्रांत पूर्वी खरीखुरी चाकं फिरायची आणि चाकावर जेवढी चित्रं बसतील तेवढ्याच शक्यता असायच्या. १९८४ साली इंगे टेल्नेस याला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. त्यात चाक कुठे थांबणार ते संगणकाने काढलेला यादृच्छिक आकडा ठरवतो. चाकावर बावीसच जागा दिसत असल्या, तरी आत यादी त्याहून पुष्कळ मोठी ठेवता येते. बक्षिसाच्या चित्राला त्या यादीत एकच आकडा द्यायचा आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागांना मूठभर. मग बक्षीस लागतं क्वचित, पण 'थोडक्यात हुकलं' मात्र वारंवार दिसतं. पुठ्ठ्याच्या चकतीवर शेजारच्या खणात थांबण्याला काही अर्थ नसतो. पडद्यावर तो रचून ठेवता येतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. कुपनाच्या चक्रात तुम्ही सरळ पैसे लावत नाही, वेळ आणि मोबाइल नंबर देता. तेव्हा तिथे आपला हिशोब आपणच केलेला बरा.

शक्यता खरोखर सहात एक असती, तर रोज एकदा फिरवून महिनाभर मोबाइल न लागण्याची शक्यता किती? ५/६ तीस वेळा गुणा. ०.००४ येतं, हजारात चार. मग तुम्हाला महिनाभर लागला नाही, ओळखीतल्या कुणालाच लागला नाही, तर 'सहात एक' हा अंदाजच सोडून द्यावा लागेल. हजारात एक धरून पाहा: वर्षभर रोज फिरवलं तरी एकदाही न लागण्याची शक्यता ६९ टक्के. लाखात एक असेल तर वर्षभरात लागण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तुमचा अनुभव या दोहोंतल्या कशाशीही जुळतो.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल. वर म्हणालात चकतीला आठवण नसते, मागच्या हुकण्यांवरून काही सांगता येत नाही. आणि आता तीस हुकण्यांवरून निष्कर्ष काढताय?

दोन्ही ठिकाणी प्रश्न वेगळा आहे. पुठ्ठ्याची चकती आपण स्वतः रंगवली होती. तिची शक्यता माहीत होती, पुढची खेप माहीत नव्हती. तिथे मागच्या खेपा निरुपयोगी. फोनवरच्या चक्राची शक्यताच माहीत नाही, आणि ती शोधायला मागच्या खेपांशिवाय आपल्याकडे दुसरं काही नाही. मोंटे कार्लोच्या त्या रात्री टेबलाभोवती कुणी शहाणा असता, तर त्याने लालवर पैसे लावले नसते. चक्र सरळ बसवलं आहे का, एवढं मात्र त्याने नक्की विचारलं असतं.